कचऱ्याच्या गाडीआधी दुरुस्तीचा गाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात बेळगाव शहरातील कचऱ्याविषयीच्या बातम्या सातत्याने येत असतात. कुठे घंटागाडी चुकली, कुठे मोकळ्या जागेवर ढीग साचला, तुरमुरी कचरा डेपोच्या आसपासच्या ग्रामस्थांनी दुर्गंधीबद्दल पुन्हा आवाज उठवला, पावसाळा तोंडावर आला तरी बळ्ळारी नाल्यातला गाळ आणि प्लास्टिक तसेच पडून आहे. आम्हा वडगाव-शहापूरकडच्या लोकांना या बातम्यांमधली चिंता वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण नाला तुंबला की पाणी आमच्याच शिवारातल्या भातात शिरते. परंतु या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला सतत खटकते. वाद होतो तो गाड्या किती असाव्यात, डेपो कोठे असावा आणि ठेका कोणाला द्यावा यावर. त्या गाडीत पडलेल्या वस्तूंपैकी मुळात कचरा किती होत्या, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मान्य आहे, फक्त शेवटची मागणी तेवढी वगळू नये, ही विनंती.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यांत ३४ वर्षे मेंटेनन्स फिटर म्हणून काम केले. कारखान्यात यंत्र बंद पडले म्हणून कोणी ते फेकून देत नाही. लेथचा बेड झिजला तर तो घासून पुन्हा सरळ करून घेतात, मोटर जळली तर रिवाइंडिंगला पाठवतात, हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड खरचटला तर त्यावर पुन्हा हार्ड क्रोम चढवून, ग्राइंडिंग करून तो जागेवर बसवतात. माझ्या जन्माआधी बनलेल्या लेथवर मी काम केले आहे, आणि मी निवृत्त झालो तेव्हाही तो मापात जॉब काढत होता. प्रत्येक यंत्राची वही असते, कोणते बेअरिंग केव्हा बदलले याची तारखेसह नोंद असते, आणि ज्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी शहाणा कारखानदार विकत घेत नाही. नवल याचे वाटते, की हाच कारखानदार आणि त्याच्याकडचा हाच फिटर संध्याकाळी घरी गेल्यावर मिक्सरमधून जरा वास आला की नवा मिक्सर आणायला निघतात. यात मी स्वतःला वगळत नाही. नोकरी असताना माझ्याही घरून दोन मिक्सर आणि एक इस्त्री अशीच भंगारात गेली आहे, आणि त्या इस्त्रीचे तर केवळ थर्मोस्टॅटचे टोक जळले असावे, असे आता वाटते.

डोळे उघडले ते निवृत्तीनंतर. आमच्या घरातले पुढून दार असलेले वॉशिंग मशीन कपडे पिळताना मोठ्याने घुरघुरू लागले. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे, त्यामुळे बेअरिंग गेले हे कळायला यंत्र उघडावे लागले नाही. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेला मुलगा वागायला अतिशय सभ्य होता. त्याने यंत्र फिरवून पाहिले, माझे निदान बरोबर असल्याचे मान्य केले आणि सांगितले, की बेअरिंग सुटे मिळत नाही, ड्रमसह पूर्ण टब बदलावा लागेल, खर्च नऊ हजारांच्या घरात जाईल; ‘‘त्यापेक्षा काका, थोडी भर घाला, जुने देऊन नवीनच येईल.’’ घरच्यांचा कौल अर्थातच नव्याकडे होता. मी मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या रविवारी यंत्र अंगणात घेतले. बेल्ट, पुली आणि सिमेंटची वजने काढून टब बाहेर आल्यावर खरी गोम कळली. टबचे दोन भाग स्क्रूने आवळलेले नव्हते. प्लास्टिक वितळवून ते कायमचे एकजीव केलेले होते. आत होती ती ६२०५ आणि ६२०६ नंबरची बेअरिंगे, जी पंपात, मोटरीत, पिठाच्या गिरणीत सर्रास वापरतात आणि बेळगावातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. दोन बेअरिंगे आणि एक ऑइल सील यांचे बिल सातशे रुपयांच्या आत झाले. टबचा जोड हॅकसॉने कापायला एक रविवार लागला, आणि बेअरिंगे ठोकून बसवून, कडेने भोके पाडून, सिलिकॉन लावून, नटबोल्ट आवळून टब पुन्हा बंद करायला दुसरा. त्याला तीन वर्षे होऊन गेली. यंत्र आजही चालू आहे; कडेचे बोल्ट दिसत नसल्यामुळे घरच्यांनीही ते आता मनावर घेणे सोडले आहे.

हा किस्सा स्वतःच्या कारागिरीची जाहिरात करण्यासाठी सांगितलेला नाही. तो जोड कायमचा बंद करण्याचा निर्णय कोणी तरी ड्रॉइंग बोर्डवर घेतला होता, आणि त्यामागे कारण नव्हते असेही नाही. वितळवून केलेल्या जोडाला वीस-बावीस स्क्रू लागत नाहीत, गळतीचा धोका कमी होतो, जोडणीचा वेळ वाचतो, आणि या प्रत्येक गोष्टीत पैसे वाचतात. पण वाचलेले ते पैसे उत्पादकाच्या खिशात गेले आणि त्याचा भुर्दंड मात्र माझ्या माथी आला. मी दुर्लक्ष केले असते, तर माझ्यासारख्या हजारोंचे असे टब कुठल्या तरी तुरमुरीच्या माथी आले असते. सातशे रुपयांचा भाग बदलता येत नाही म्हणून पंचवीस-तीस हजारांची वस्तू बाद ठरावी, हा निसर्गनियम नव्हे. तो कोणाच्या तरी हिशेबाचा भाग आहे, आणि हिशेब दुसऱ्या पद्धतीनेही मांडता येतो.

फ्रान्सने तो मांडून दाखवला आहे. तेथे १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, त्या दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. माहितीपुस्तिका मिळते का, वस्तू साध्या हत्यारांनी उघडता येते का, सुटे भाग किती वर्षे आणि काय किमतीला मिळतात, अशा निकषांवर हे गुण ठरतात. आणि पहिल्याच यादीत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांच्या जोडीने पुढून दार असलेले वॉशिंग मशीनही होते, हे वाचून मला थोडे हसू आले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम विचारात घेतली, त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाविषयीचा एका समितीचा अहवाल २०२५ मध्ये सादर झाला. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र संकेतस्थळावर माहिती असणे वेगळे आणि खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारपेठेत स्टूल टाकून बसलेल्या मेकॅनिकच्या हाती सर्किटचा नकाशा पडणे वेगळे. माझ्या यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत मराठी नव्हती आणि कन्नडही नव्हती. म्हणजे या जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने ती कोरीच होती.

दुरुस्तीच्या हक्कात शेतीच्या अवजारांचा समावेश झाला, याचे महत्त्व शहरी वाचकाला कदाचित जाणवणार नाही. खानापूर-चिकोडीकडच्या शेतकऱ्याचा फवारणीचा पंप ऐन हंगामात एका वॉशरसाठी अडला, तर त्याला महिनाभर थांबता येत नाही. तो नवा पंप घेतो आणि जुना गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवतो. अशा टांगलेल्या पंपांची मोजदाद एकदा कोणी तरी करायला हवी.

पूर्वी आपल्या खेड्यांत नांगर, कुळव, मोट, बैलगाडी यांची देखभाल सुतार आणि लोहार बलुत्यावर करत असत. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे, असा तो व्यवहार होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. ती जातीने जखडलेली होती, कारागिराला मोबदला ठरवण्याचा अधिकार नव्हता आणि अनेकांच्या वाट्याला कामाबरोबर अपमानही येत होता. ती गेली हे बरेच झाले. पण तिच्यात यांत्रिकदृष्ट्या एक शहाणपण होते, ते मात्र आपण तिच्याबरोबर फेकून दिले. नांगर घडवणारा आणि तो वर्षभर दुरुस्त ठेवणारा हात एकच होता. फाळ कच्चा घडवला तर पुन्हा भात्यापुढे बसायचे ते त्यालाच, आणि त्याबद्दल जादा पायली कोणी देणार नव्हते. साहजिकच वस्तू टिकण्यात आणि उकलून पुन्हा जोडता येण्यात त्याचाच फायदा होता. आज वस्तू घडवणाऱ्याचा फायदा ती लवकर बदलली जाण्यात आहे आणि दुरुस्त करणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंधच उरलेला नाही. वस्तू आणि माल पुन्हापुन्हा वापरात ठेवण्याच्या ज्या पद्धतीला आता ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, त्यातला निम्मा भाग म्हणजे तुटलेला हा संबंध, जातीचे जोखड वगळून, पुन्हा जोडणे होय, असे माझ्यासारख्या माणसाला वाटते.

उरलेला निम्मा भाग पुनर्चक्रीकरणाचा, आणि येथे मला एक गैरसमज दूर करायचा आहे. अनेक सुशिक्षित लोक मला सांगतात, की वस्तू भंगारात गेली तरी काय बिघडले, लोखंड वितळून पुन्हा लोखंडच होते. हे खरे आहे. बेळगावच्या फाउंड्रींचे निम्मे पोट भंगारावरच भरते. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भंगार, लेथवर निघणारा कीस म्हणजे बोरिंग, आमच्याच ओतकामातून कापून काढलेले जादा तुकडे म्हणजे रायझर, असे सगळे भट्टीत परत जाते, आणि ते तसे जाणेच योग्य आहे. भंगाराला सीमाप्रश्नही नसतो. भाव मिळेल तसे ते उद्यमबागेत उतरते किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत. पण एक टन बीड वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ६०० युनिट वीज लागते. म्हणजे वीज जपून वापरणाऱ्या घराला काही महिने पुरेल इतकी वीज केवळ धातू पातळ करण्यात जाते, वस्तू घडवण्यात नव्हे. त्यानंतर साचा, वाळू, ओतकाम, घासकाम, मशीनिंग, रंग ही सगळी वाट पुन्हा नव्याने चालावी लागते. मोटरीचे बिडाचे घर भट्टीत टाकले की त्यातले लोखंड तेवढे हाती येते. ते बोअर करून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापात आणणाऱ्या माणसाचे श्रम धुरात जातात. भंगारवाला किलोचा भाव देतो, मापाचा देत नाही.

स्वित्झर्लंडचे वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांनी १९७६ मध्ये जेनेव्हीव्ह रेडे यांच्यासोबत युरोपीय आयोगासाठी एक अहवाल तयार केला होता. त्यात त्यांनी दाखवले, की उद्योगात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा पोलाद, सिमेंट यांसारखा मूळ माल काढण्यात आणि बनवण्यात जाते आणि त्या मालाच्या वस्तू घडवण्यात फक्त एक चतुर्थांश. मनुष्यबळाचे प्रमाण मात्र नेमके उलट असते. याचा अर्थ सरळ आहे. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरली तर आपण ऊर्जेचा खर्च टाळतो आणि त्या जागी माणसाला काम देतो. हे काम परदेशी पाठवता येत नाही. ज्या गल्लीत मिक्सर बिघडतो त्याच गल्लीच्या तोंडाशी ते करावे लागते. आमच्या भागातली आयटीआय शिकलेली मुले पुणे, बंगळूर, गोव्याला जाऊन बारा तासांच्या पाळ्या करतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मुद्द्याचे वजन वेगळे सांगायला नको.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तर भंगारात गेलेली वस्तू ‘पुन्हा लोखंड’ होते, हेही निम्म्याहून अधिक वेळा खरे नसते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण योग्य रीतीने झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा कुठे तरी पुरला जातो, किंवा तारांची भेंडोळी पेटवून तांबे काढले जाते. त्या काळ्या धुरात काय असते, हे तारांवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या रसायनाची तोंडओळख असलेला कोणीही सांगेल. आपल्याकडचे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ते १०६ प्रकारच्या उपकरणांना लागू होतात आणि उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाचे वाढते उद्दिष्ट घालतात. सुरुवातीला ६० टक्के, मग ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. त्यात नूतनीकरण करणाऱ्यांनाही स्थान आहे. नोंदणीकृत नूतनीकरण केंद्राने वस्तूचे आयुष्य वाढवल्याचे प्रमाणपत्र दिले, तर उत्पादकाची तेवढ्यापुरती जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि नंतर ती ७५ टक्केच मोजली जाते. नियम करणाऱ्यांनी दुरुस्तीचा विचार केला, याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवे. पण सगळी मोजणी टनांची आणि प्रमाणपत्रांची आहे. रस्त्याकडेला बसून दिवसाला चार मोबाइलचे चार्जिंगचे पिन बदलणारा माणूस तितके मोबाइल कचऱ्यात जाण्यापासून वाचवतो, आणि त्याची नोंद देशातल्या कुठल्याच वहीत होत नाही.

अशी नोंद न झालेली माणसे आपल्या शहरात किती होती, हे आठवून पाहिले तर मन थोडे जड होते. जूनच्या पहिल्या सरीबरोबर छत्र्यांच्या काड्या बसवणारे दिसू लागत. ओट्यावर भट्टी पेटवून, नवसागराचा वास गल्लीभर पसरवत पितळेची भांडी कल्हई करून देणारे येत. कापूस पिंजणारा धनुकलीचा टणत्कार करत जाई. जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देणारी बोहारीण आणि आमची आई यांच्यातली घासाघीस दुपारभर चाले, आणि आता विचार केला की कळते, ती जुन्या कापडाच्या बाजाराची पहिली पायरी होती. घरात तर फेकायचे काही नसेच. लुगडे विरले की त्याची वाकळ होई (आमच्या कन्नड शेजारणी तिलाच कौदी म्हणत आणि टाके आमच्याहून बारीक घालत), वाकळीचा मऊ तुकडा बाळाच्या दुपट्याला, उरलेला पायपुसण्याला आणि अगदी शेवटी पोतेऱ्याला. वडगाव-खासबागच्या विणकर घरांत मागावरच्या सुताचा तुकडाही कोणी झाडूने लोटून देत नसे. ही सगळी काटकसर गरिबीतून आली होती, हे मान्य. गरिबी परत यावी, असे कोणी म्हणत नाही. पण छत्री दुरुस्त करणारा आमच्या चौकातून गेला, तो छत्र्या बिघडायच्या थांबल्या म्हणून नव्हे. रस्ता रुंद झाला, तो बसत असे तो कट्टा गेला आणि त्याला दुसरी जागा कोणी दिली नाही, एवढेच.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे, नाही तर माझ्याच व्यवसायातले लोक मला दोष देतील. प्रत्येक वस्तू दुरुस्त करणे शहाणपणाचे नसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा फ्रीज इतकी वीज खातो, की तो चालू ठेवण्यापेक्षा त्यातला वायू नीट काढून घेऊन त्याला निरोप देणे बरे. गॅसचा रेग्युलेटर, प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, फुगलेली लिथियम बॅटरी या वस्तूंवर घरगुती प्रयोग अजिबात करू नयेत. वाईट दुरुस्तीही कमी नुकसान करत नाही. मोटरीची जळालेली गुंडाळी काढताना घाईत गॅसच्या ज्योतीने कोअर, म्हणजे पत्र्यांचा गाभा, भाजून काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याने पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि ती मोटर पुढे कायम गरम होते व जास्त वीज ओढते. त्याच मोटरीचे रिवाइंडिंग नीट केले, तर तिच्या कार्यक्षमतेत फारसा फरक पडत नाही. म्हणून दुरुस्तीला नुसती सहानुभूती उपयोगाची नाही. तिला प्रशिक्षण, मापाची हत्यारे आणि दिलेल्या कामाची हमी हवी. ‘चालतंय तोवर चालवा’ या वृत्तीला मी दुरुस्ती म्हणत नाही.

यात नवे काही शोधायचेही नाही. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या महिलेने ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. ठरलेल्या दिवशी जाणकार स्वयंसेवक हत्यारे घेऊन बसतात, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि शेजारी बसून त्या दुरुस्त करायला शिकतात. ती कल्पना जगभर पसरली, आणि आपल्याच राज्यात बंगळूरमध्ये २०१५ पासून असे मेळावे भरत आले आहेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांना संघटित केले आणि पुढे त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा वेगळा गोळा करण्याचे काम हाती घेतले. आपल्या गल्ल्यांतून पोती घेऊन फिरणाऱ्या बायकांना कोणत्या वस्तूला अजून जीव आहे हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगले कळते, हे त्या अनुभवावरून शिकण्यासारखे आहे. बेळगावला तर फाउंड्री, हायड्रॉलिक्स, मशीन शॉप यांची परंपरा आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय येथेच आहे आणि अभियांत्रिकीची मुले दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरत असतात. एखाद्या मुलाने आमच्या वॉशिंग मशीनचा टब स्क्रूने उघडेल असा करून दाखवला किंवा बाजारात न मिळणारा मिक्सरचा कपलर घडवून दिला, तर तो कपाटात धूळ खाणाऱ्या रोबोपेक्षा अधिक उपयोगी प्रकल्प ठरेल, असे माझे प्रांजळ मत आहे.

आता मागणी. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार सुका कचरा वेगळा करून त्यातल्या उपयोगी वस्तू काढून घेण्यासाठी केंद्रे उभारणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. बेळगाव महापालिकेने अशा केंद्रांत कागद, काच, पत्रा यांच्या आधी ‘दुरुस्त होण्याजोगे’ असा एक स्वतंत्र कप्पा ठेवावा. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सायकली, खुर्च्या, पिशव्यांची चेन, चपलांचे पट्टे, काहीही असो. त्या कप्प्यातल्या वस्तू किलोच्या भावाने न जाता आठवड्यातून एकदा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी नगाच्या भावाने खुल्या कराव्यात. ज्या वस्तू चालू होणार नाहीत, त्यांचेच सुटे भाग दुसऱ्यांना उपयोगी पडतात. बंद झालेल्या तीन पंख्यांतून दोन चालू पंखे निघतात, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. दुसरे, महापालिकेच्या ताब्यातील व्यापारी गाळ्यांपैकी प्रत्येक भागात निदान एक गाळा केवळ दुरुस्तीच्या कामासाठी, परवडणाऱ्या भाड्याने राखून ठेवावा, म्हणजे उन्हापावसात फुटपाथवर बसणाऱ्या माणसाला वीज, टेबल आणि पत्ता मिळेल, आणि गिऱ्हाइकाला आज दिलेली वस्तू उद्या कुठे शोधायची, हा प्रश्न पडणार नाही. निपाणी, खानापूर, चिकोडी, गोकाक येथील नगर संस्थांनाही हे करता येण्यासारखे आहे. तेथे खर्च तर याहूनही कमी येईल. कन्नड, मराठी, उर्दू यांपैकी कोणती पाटी गाळ्यावर लावायची, यावर वाद घालण्यात वर्ष घालवू नये, तिन्ही लावाव्यात. पाना फिरवताना आम्ही उद्यमबागेत तिन्ही भाषांत एकमेकांना शिव्या देत होतो आणि कामही करत होतो.

हे सगळे होईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही, म्हणून एक छोटी तयारीही कळवतो. माझ्याबरोबर काम केलेले दोन निवृत्त सहकारी, एक वाइंडर आणि एक वेल्डर, आणि मी असे तिघे जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चार तास विनामूल्य बसायला तयार आहोत. वडगाव, शहापूर किंवा अनगोळ भागातील कोणत्याही शाळेने किंवा मंडळाने एक पडवी, दोन टेबले आणि अर्थिंग असलेले प्लग पॉइंट उपलब्ध करून दिले, तर हत्यारे आमची आम्ही आणू. बेअरिंग, कपलर, कॅपॅसिटर यांचा खर्च ज्याचा त्याने द्यावा. शिकू इच्छिणाऱ्या मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, जरूर यावे. इच्छुकांनी आपल्या कार्यालयाकडे चिठ्ठी ठेवल्यास ती आम्हाला कृपया पोचवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर
वडगाव, बेळगाव